सरकारी व्यापारी शिष्टमंडळासोबत परदेशी बाजारात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यापारी शिष्टमंडळ म्हणजे नेमकं काय? प्रदर्शनात स्टॉल घेण्यापेक्षा ते वेगळं कसं?

सरकारचं व्यापार खातं किंवा निर्यात प्रोत्साहन संस्था काही निवडक कंपन्यांना एकत्र घेऊन परदेशी जाते. तिथला दूतावास या कंपन्यांसाठी खरेदीदार, वितरक, सरकारी अधिकारी आणि उद्योगसंघटना यांच्या भेटी आधीच ठरवून ठेवतो. असा दौरा बहुधा तीन ते पाच कामाच्या दिवसांचा असतो. त्यात एक किंवा दोन शहरं आणि साधारण १० ते २० कंपन्या असतात.

प्रदर्शनात स्टॉलसमोरून कोण जाईल हे तुमच्या हातात नसतं. इथे समोर बसणारा माणूस तुमच्या मालाविषयी वाचून, वेळ देऊन आलेला असतो. पण सगळ्या शिष्टमंडळांचा हेतू हा नसतो. मंत्री किंवा पंतप्रधान नेतृत्व करतात तेव्हा भर मोठे करार, सरकारी कंत्राटं आणि अडलेली दारं उघडण्यावर असतो. वाणिज्य अधिकारी नेतात तेव्हा भर दोन कंपन्यांच्या समोरासमोर भेटींवर असतो. लहान उत्पादकाला बहुतेक वेळा हा दुसरा प्रकारच जास्त उपयोगी पडतो. मंत्र्यांसोबतचा फोटो छान येतो, मात्र त्या आठवड्याचा निम्मा वेळ स्वागतसमारंभात जातो.

हे काम सरकारनं का करावं? कंपन्यांना आपापलं जाता येत नाही का?

येतं, आणि मोठ्या कंपन्या जातातही. अडतं ते लहानांचं. अनोळखी देशात विश्वासू वितरक कोण, परवाना कुठून मिळतो, कोणता अधिकारी निर्णय घेतो, ही माहिती मिळवायला एकेका कंपनीला जितका खर्च येतो तो पहिल्या ऑर्डरीच्या नफ्यातून निघत नाही. दूतावासात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाकडे ही माहिती आधीपासून असते. शिवाय दूतावासाच्या पत्रावर मिळणारी भेट स्वतःच्या ईमेलवर मिळत नाही.

म्हणून जपाननं १९५८ मध्ये जेट्रो आणि दक्षिण कोरियानं १९६२ मध्ये कोट्रा या निर्यात प्रोत्साहन संस्था उभ्या केल्या. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचे अधिकारी दूतावासांत बसून हेच काम करतात. कॅनडानं नोव्हेंबर १९९४ मध्ये पंतप्रधान ज्याँ क्रेतिएँ यांच्या नेतृत्वाखाली ‘टीम कॅनडा’ नावानं पहिलं शिष्टमंडळ चीनला नेलं, आणि त्या धर्तीचे दौरे पुढे अनेक देशांनी काढले.

यानं निर्यात खरंच वाढते का?

उत्तर सरळ ‘हो’ नाही, आणि ते आधी माहीत असलेलं बरं. फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिकेच्या राष्ट्रप्रमुखांच्या १९४८ ते २००३ या काळातल्या परदेश दौऱ्यांचा अभ्यास फोल्कर निच या अर्थतज्ज्ञानं २००७ मध्ये मांडला. त्यात अशा दौऱ्यामागे निर्यातीत ८ ते १० टक्के वाढ दिसते. त्याच वर्षीच्या अँड्र्यू रोझ यांच्या अभ्यासात एखाद्या देशात आणखी एक वाणिज्य दूतावास असल्यास निर्यात ६ ते १० टक्के जास्त आढळते. याउलट कीथ हेड आणि जॉन रीस यांनी २०१० मध्ये कॅनडाच्या शिष्टमंडळांचे आकडे तपासले. जिथे शिष्टमंडळं गेली तिथे कॅनडाचा व्यापार मुळातच जास्त होता. ही गोष्ट हिशेबात धरल्यावर शिष्टमंडळाचा वेगळा असा परिणाम उरला नाही.

आम्ही याचा अर्थ असा लावतो: देशाच्या एकूण आकड्यावर एका आठवड्याच्या दौऱ्याचा ठसा उमटेलच असं नाही. पण देशाचा आकडा आणि तुमच्या कंपनीचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच दौऱ्यातून दोन कंपन्या ऑर्डर घेऊन येतात आणि बाकीच्या व्हिजिटिंग कार्डं घेऊन येतात. हा फरक कशामुळे पडतो, ते पुढच्या उत्तरांत आहे.

आमची कंपनी लहान आहे. आम्हाला घेतील का?

लहान असण्याची अडचण नाही. अनेक देशांत लहान कंपन्यांना सहभाग शुल्कही कमी असतं. तयारी नसेल तर मात्र अडतं. पुढच्या प्रश्नांना आज उत्तर नसेल तर या खेपेला थांबावं: ऑर्डर तिप्पट झाली तर माल वेळेत देता येईल का? त्या देशाला लागणारं प्रमाणपत्र किंवा चाचणी अहवाल हातात आहे, की ‘मिळेल’? परदेशी ईमेलला एका दिवसात उत्तर देणारा माणूस ठरलेला आहे का? पहिली ऑर्डर यायला वर्ष लागलं तर तोवरचा खर्च झेपेल का?

प्रमाणपत्राचा मुद्दा सगळ्यात जास्त नडतो. समोरचा खरेदीदार माल पाहून खूश होतो, मग विचारतो, ‘आमच्या देशाची मान्यता आहे ना?’ नाही म्हटलं की भेट तिथेच संपते. मान्यता मिळवायला सहा महिने लागणार असतील तर शिष्टमंडळ सहा महिन्यांनंतरचं निवडा.

देश कसा निवडायचा?

आधी आपल्या मालाचा एचएस कोड नीट शोधा. जागतिक सीमाशुल्क संघटनेची मालाची ही आकडी वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, त्यापुढचे प्रत्येक देशाचे आपापले. सहा आकडी कोड हातात आला की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राच्या ‘ट्रेड मॅप’वर कोणता देश तो माल किती आणि कुठून आयात करतो ते दिसतं. त्याच संस्थेच्या ‘मार्केट ॲक्सेस मॅप’वर आयात शुल्क कळतं.

इथे एक गोष्ट बारकाईनं पाहा. एखादा देश भरपूर आयात करतो एवढ्यावर भुलू नका. तो ज्या देशाकडून घेतो त्याला शुल्क शून्य आणि तुम्हाला १२ टक्के असेल, तर तुमची शर्यत १२ पावलं मागून सुरू होते. मुक्त व्यापार करार कुणाशी आहे ते बघूनच देश ठरवा.

अर्ज आणि निवड कशी होते?

दौऱ्याच्या सहा ते नऊ महिने आधी निवेदन निघतं. त्यात कोणतं क्षेत्र, कोणती शहरं, किती कंपन्या, शुल्क किती आणि निकष काय हे लिहिलेलं असतं. निकष बहुतेक ठिकाणी सारखेच आहेत: तुमचा माल त्या बाजारात खपण्याची शक्यता, तुमची तयारी आणि मालाचं मूळ. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या शिष्टमंडळात माल अमेरिकेत बनलेला असावा लागतो, किंवा नसेल तर तो अमेरिकी कंपनीच्या नावानं विकला जाणारा आणि किमान ५१ टक्के अमेरिकी घटक असलेला असावा लागतो. अर्जदारानं दिलेली राजकीय देणगी किंवा केलेलं पक्षकार्य निवडीत धरलं जाणार नाही, आणि अर्जात असे उल्लेख आले तर ते काढून टाकले जातील, असंही तिथे लिहून दिलेलं असतं. आपल्या सरकारचं निवेदन वाचताना असं कलम आहे का ते पाहा. शिष्टमंडळावर विश्वास ठेवायला ते एक चांगलं कारण असतं.

शुल्कात काय येतं?

भेटी ठरवणं, बाजाराची माहिती देणारी बैठक, एखादा स्वागतसमारंभ, कधी शहरातला प्रवास. विमानतिकीट, हॉटेल, बहुतेक जेवणं, व्हिसा आणि मालाची वाहतूक सहसा तुमची तुम्हालाच करावी लागते. दुभाषा सगळ्यांना मिळून एक आहे की प्रत्येक कंपनीला वेगळा, हे आधीच लेखी विचारून घ्या. बऱ्याच देशांत यातल्या काही खर्चाची परतफेड करणाऱ्या योजना असतात. त्यासाठी मंजुरी दौऱ्याआधी घ्यावी लागते, आणि बोर्डिंग पास हरवला म्हणून दावा फेटाळला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

दूतावास भेटी कशा ठरवतो? आम्ही काय द्यायचं?

सगळा दौरा इथेच घडतो किंवा बिघडतो, म्हणून हे उत्तर मोठं आहे.

दूतावासातला वाणिज्य अधिकारी एकाच वेळी १५ कंपन्यांसाठी भेटी शोधत असतो. तुमच्या धंद्यातला तो जाणकार नसतो. तुम्ही पाठवलेल्या अर्ध्या पानाच्या माहितीवरून तो तिथल्या कंपन्यांना फोन करतो. फोनवर त्याला दोन वाक्यांत तुमचा माल सांगायचा असतो. ती दोन वाक्यं तुम्ही लिहून दिली नाहीत तर तो स्वतःची बनवतो.

बहुतेक कंपन्या असं लिहून पाठवतात: ‘आम्ही उत्तम दर्जाचे औद्योगिक व्हॉल्व्ह बनवतो. आम्हाला विश्वासू भागीदार हवा आहे.’ यावरून तो कुणाला फोन करणार? व्हॉल्व्ह शब्द दिसेल त्याला. मग भेटीला प्लंबिंगचा दुकानदार येतो, कंटेनरमध्ये जे मिळेल ते विकणारा ट्रेडर येतो, आणि एक तर तुमचा प्रतिस्पर्धीच निघतो.

तीच कंपनी असं लिहू शकते: ‘स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह, अर्धा ते चार इंच, डेअरी आणि शीतपेयांच्या कारखान्यातल्या पाइपलाइनसाठी. एचएस शीर्षक ८४८१. हवा आहे असा वितरक, जो डेअरी कारखान्यांना आधीपासून पंप किंवा फिटिंग विकतो, स्वतः स्टॉक ठेवतो आणि ज्याच्याकडे सर्व्हिस इंजिनिअर आहेत. थेट कारखान्याचे खरेदी अधिकारीही चालतील. नकोत: घरगुती प्लंबिंगवाले, फक्त दलाली करणारे. किमान ऑर्डर ३०० नग, माल सहा आठवड्यांत. आमचे व्हॉल्व्ह अमुक दोन देशांत आठ वर्षं चालू आहेत.’

‘नकोत’ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. अधिकाऱ्याचा निम्मा वेळ तिथे वाचतो. तुम्हाला माहीत असलेल्या तिथल्या चार-पाच कंपन्यांची नावंही द्या. त्या भेटल्या नाहीत तरी ‘अशा प्रकारच्या’ म्हणून त्याला दिशा मिळते.

दूतावासाकडून भेटींची यादी आली की ‘ठीक आहे’ म्हणून सोडू नका. प्रत्येक नावाची वेबसाइट उघडा, ते सध्या कुणाचा माल विकतात ते पाहा आणि जुळत नसेल तर तीन आठवडे आधी कळवा. दोन दिवस आधी कळवून भेट बदलत नाही. आणखी एक: अधिकाऱ्याला फोन करून दहा मिनिटं बोला. कागदावर जे कळलं नाही ते बोलण्यात कळतं, आणि ज्याचा आवाज ऐकला त्याच्यासाठी माणूस एक फोन जास्त करतो.

दिवसाला किती भेटी घ्याव्यात?

चार. फार तर पाच. सात भेटींचं वेळापत्रक कागदावर भरगच्च दिसतं, पण मोठ्या शहरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायलाच तासभर लागतो. पर्याय दिला तर भेट हॉटेलच्या हॉलमध्ये न ठेवता खरेदीदाराच्या जागी ठेवा. त्याचं गोदाम, शेल्फवरचा माल, कामावरची माणसं दिसली की तो काय आहे ते विचारावंच लागत नाही.

तारखा ठरवताना तिथली साप्ताहिक सुट्टी तपासा. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. संयुक्त अरब अमिरातीनं जानेवारी २०२२ पासून सरकारी कामकाजाची सुट्टी शनिवार-रविवार केली आणि शुक्रवार अर्धा दिवस ठेवला. एकाच दौऱ्यात दोन्ही देश असतील तर हा फरक एक अख्खा दिवस खातो.

दुभाष्यासोबत बोलताना काय सांभाळायचं?

वेळ निम्मा होतो हे आधी मनात धरा. ४० मिनिटांच्या भेटीत तुमच्या आणि त्यांच्या बोलण्याला मिळून २० मिनिटंच मिळतात, बाकी वेळ भाषांतरात जातो. म्हणून तुमचं सादरीकरण सात-आठ मिनिटांत संपलं पाहिजे. दोन वाक्यं बोला, थांबा. दुभाष्याला आठवडाभर आधी तांत्रिक शब्दांची यादी आणि कॅटलॉग पाठवा. ऐनवेळी ‘गॅस्केट’चं काहीतरी भलतंच होतं.

आकडे मात्र तोंडी कधीच सोडू नका. आपण लाख-कोटीत विचार करतो, इंग्रजीत मिलियन, आणि चिनी-जपानीत मोजणी दहा-दहा हजारांच्या गटानं चालते. घाईत भाषांतर करताना एक शून्य सहज घसरतं. किंमत, नग, तारीख आणि टक्केवारी कागदावर लिहून समोर सरकवा आणि त्यांच्याकडूनही लिहून घ्या.

किंमत कशी सांगायची?

कारखान्याची किंमत परकीय चलनात बदलून सांगणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. खरेदीदाराच्या डोक्यात त्याच्या दुकानातली किंमत असते. तिथपर्यंतचा हिशेब तुम्ही घरीच करून जा.

चलन कोणतंही धरा. कारखान्यातून माल १०० ला निघतो. निर्यात पॅकिंग, बंदरापर्यंतची वाहतूक आणि तिथला खर्च ६, म्हणजे एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) १०६. जहाजभाडं आणि विमा ९, म्हणजे सीआयएफ (तिथल्या बंदरापर्यंतची किंमत) ११५. आयात शुल्क १० टक्के, म्हणजे ११.५०, बेरीज १२६.५०. कस्टम्समधून माल सोडवणं आणि गोदामापर्यंतचा खर्च ३.५०, झाले १३०. आयातदार २५ टक्के चढवतो: १६२.५०. दुकानदार ४० टक्के चढवतो: २२७.५०. वर तिथला विक्रीकर वेगळा. म्हणजे १०० चा माल ग्राहकाला २२७.५० ला पडतो.

आता उलटं बघा. तशाच मालाची तिथे किंमत २१० असेल, तर १७.५० चा फरक तुम्हाला कारखान्यातूनच काढायचा आहे, असं वाटेल. तसं नाही. कारखान्याच्या दारात ५ कमी केले की वरच्या साखळीत सगळ्यांची टक्केवारी कमी रकमेवर लागते आणि शेवटची किंमत सुमारे २१८ होते. ५ सोडल्यावर शेवटी साडेनऊहून जास्त सुटले. हे कोष्टक हातात असेल तर सूट द्यायची की नाही आणि किती, हे समोरच्यासमोर ठरवता येतं. बऱ्याचदा पॅकिंग बदलून कंटेनरमध्ये जास्त नग बसवले तरी काम होतं, किमतीला हात लावावा लागत नाही.

दरपत्रकावर इन्कोटर्म (खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची हे सांगणारी आंतरराष्ट्रीय अट) आणि ठिकाण दोन्ही लिहा: नुसतं ‘एफओबी’ नको, बंदराचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ हवं. सध्याच्या यादीत ११ अटी आहेत. त्यातल्या चार फक्त समुद्र आणि अंतर्गत जलमार्गासाठी आहेत आणि एफओबी त्यातलीच. विमानानं किंवा बंद कंटेनरनं माल जाणार असेल तर एफसीए (ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात माल देणं) लिहिणं बरोबर. कंटेनर टर्मिनलवर तुमच्या ताब्यातून जातो, पण एफओबी लिहिलं तर जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमचीच राहते.

सॅम्पल कसे न्यायचे?

परत आणायचे सॅम्पल एटीए कार्नेवर न्या. १९६१ च्या कराराखाली चालणारी ही व्यवस्था म्हणजे मालाचा पासपोर्टच. परदेशात आयात शुल्क न भरता माल नेता येतो आणि मुदत एक वर्षापर्यंत असते. आपल्या देशातली अधिकृत व्यापारी संघटना (चेंबर) तो देते आणि त्यासाठी हमी ठेवावी लागते. जायचा देश ही व्यवस्था मानतो का, आणि कोणत्या कारणासाठी मानतो, हे आधी विचारा.

घोळ होतो तो शिक्क्यांचा. आपल्या देशातून निघताना, तिथे शिरताना, तिथून निघताना आणि परतताना, अशा चार वेळा कस्टम्सचा शिक्का लागतो. परतीच्या विमानाची घाई असते, रात्रीच्या वेळी कस्टम्सचं काउंटर बंद असतं, आणि तिसरा शिक्का राहतो. काही महिन्यांनी त्या देशाकडून शुल्काची मागणी येते. विमानतळावर दोन तास जादा ठेवा. एकदा कार्ने निघाल्यावर त्यातल्या यादीत नवी वस्तू घालता येत नाही. वाटायचे, खायचे किंवा वापरून संपणारे नमुने कार्नेवर चालत नाहीत, ते ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून वेगळ्या इन्व्हॉइसवर न्या. इन्व्हॉइसवर किंमत शून्य लिहू नका. कस्टम्स शून्य मानत नाही आणि मग स्वतःच्या अंदाजानं किंमत लावतं.

लाकडी खोक्यात पाठवत असाल तर लाकडावर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीनं प्रक्रिया केलेलं. शिक्का नसेल तर आतला माल कितीही चांगला असो, खोकं बंदरावर अडतं. सॅम्पलमध्ये लिथियम बॅटरी असेल तर सुटी बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० पर्यंतच्या सुट्या बॅटरीला एअरलाइनची परवानगी लागते.

व्हिसाचं काय?

बिझनेस व्हिसाच घ्या. पर्यटक व्हिसावर व्यापारी भेटी घेतल्या तर अडवलं जाण्याची भीती असते आणि तुमच्यामुळे बाकीच्यांवरही संशय येतो. आमंत्रणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असू द्या.

पहिल्याच भेटीत वितरक संपूर्ण देशाचे एकाधिकार मागतो. द्यावेत का?

लगेच नाही. पण तोंडावर नकारही देऊ नका, कारण चांगल्या वितरकाला बाजार उभा करायला खर्च येतो आणि त्याला संरक्षण हवं असणं रास्त आहे. एक प्रांत किंवा एक ग्राहकवर्ग द्या, मुदत १२ महिने ठेवा आणि खरेदीचा आकडा तिमाहीनं लिहा. आकडा गाठला नाही तर एकाधिकार आपोआप संपेल असं कलम घाला. सही करण्याआधी तिथल्या वकिलाला दाखवा. काही देशांत वितरकाला काढायचं म्हटलं तर कायद्यानं भरपाई द्यावी लागते, मग करारात काहीही लिहिलेलं असो.

समारंभात सामंजस्य करारावर सही करायला सांगतात. करावी का?

बंधनकारक नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं असेल तर करायला हरकत नाही. मात्र त्यात किंमत, नग किंवा एकाधिकार यातलं काही शिरलं असेल तर सही पुढे ढकला. कॅमेऱ्यासमोर वाचायला वेळ नसतो, म्हणून मसुदा आदल्या रात्रीच मागून घ्या.

ट्रेडमार्कची नोंदणी आधी करावी का?

हो, निघण्यापूर्वी. चीनसह अनेक देशांत जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क, आधी वापरणाऱ्याचा नाही. तुमचं नाव कॅटलॉगमध्ये पाहून कुणीतरी, कधी वितरकच, ते स्वतःच्या नावावर नोंदवतो आणि मग तुमचाच माल कस्टम्सवर अडवतो. ट्रेडमार्क-पेटंटविषयीच्या पॅरिस कराराखाली आपल्या देशात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत परदेशात अर्ज केला तर पहिली तारीख धरली जाते. पेटंटसाठी ही मुदत १२ महिने आहे. ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या माद्रिद व्यवस्थेतून एकाच अर्जात अनेक देश घेता येतात. त्या देशाच्या लिपीतलं नावही नोंदवा. तुम्ही नाव दिलं नाही तर बाजार ते देतो, आणि नोंदवतो दुसराच कुणीतरी.

पैसे बुडू नयेत म्हणून काय करावं?

दूतावासानं भेट ठरवली म्हणजे त्यानं त्या कंपनीची पत तपासली, असा समज फार जणांचा असतो. तसं नसतं. कंपनी अस्तित्वात आहे आणि त्या धंद्यात आहे इतकंच साधारण पाहिलेलं असतं. पत अहवाल वेगळा मागवावा लागतो आणि त्याला पैसे पडतात. पहिल्या मोठ्या ऑर्डरीआधी तो घ्याच.

पहिल्या व्यवहाराला काही रक्कम ॲडव्हान्स आणि उरलेल्यासाठी लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) हा मध्यममार्ग चांगला. एलसी सहसा यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांखाली असते, हे नियम जुलै २००७ पासून लागू आहेत. वेगळी मुदत दिली नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत, आणि एलसीची मुदत संपायच्या आत, कागद बँकेत पोचले पाहिजेत. बँकेला तपासायला पाच कामाचे दिवस मिळतात. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. एका कागदावर ‘स्टेनलेस’ आणि दुसऱ्यावर नुसतं ‘स्टील’ असेल तर तेवढ्यावरून पैसे अडू शकतात. एलसी उघडण्याआधी तिचा मसुदा मागवा आणि जे कागद तुम्हाला मिळवताच येणार नाहीत ते तेव्हाच काढायला लावा. विशेषतः ‘खरेदीदाराच्या सहीचं तपासणी प्रमाणपत्र’ ही अट, कारण त्यानं सही केलीच नाही तर तुमच्या हातात काही उरत नाही. उधारीवर द्यायची वेळ आली तर निर्यात पतविमा (खरेदीदारानं पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा) घ्या. ब्रिटननं अशी सरकारी संस्था १९१९ मध्येच उभी केली होती आणि आज बहुतेक निर्यातदार देशांत ती आहे.

भेटवस्तू, जेवण, ‘खर्चापाणी’ यांचं काय करावं?

कंपनीचं नाव असलेली छोटी वस्तू चालते. सरकारी अधिकाऱ्याला त्याहून जास्त काही देऊ नका आणि ‘सल्लागार शुल्क’ म्हणून कुणी टक्केवारी मागितली तर तिथेच थांबा. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं हा अनेक देशांत मायदेशीही गुन्हा आहे. अमेरिकेचा कायदा १९७७ चा, ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या संघटनेचा करार १९९७ चा आणि ब्रिटनचा कायदा २०१० चा. अशी मागणी झाली तर शिष्टमंडळासोबतच्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगा. तो हे ऐकायलाच तिथे असतो.

परतल्यावर काय करायचं?

परतीच्या विमानात नाही, भेट संपल्यावर गाडीतच टिपण लिहा: कोण होतं, निर्णय कुणाचा, काय मागितलं, आपण काय कबूल केलं, कोणत्या तारखेला. दहावी भेट झाली की पहिलीतला चेहरा आठवत नाही.

प्रत्येकाला ४८ तासांत पत्र जाऊ द्या. आभाराचं साचेबद्ध पत्र नको, त्यात त्याने विचारलेल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर हवं. कबूल केलेले सॅम्पल आणि दर दोन आठवड्यांत. इथे बहुतेक कंपन्या घसरतात, कारण परतल्यावर आठवडाभराचं साचलेलं काम वाट पाहत असतं. म्हणून पत्रांचे मसुदे आणि सॅम्पलची खोकी जाण्यापूर्वीच तयार ठेवा. तिघे-चौघे गंभीर खरेदीदार वेगळे काढा आणि तीन ते सहा महिन्यांत एकट्यानं परत जा. पहिल्या भेटीत तुम्ही सरकारी पाहुणे असता. दुसऱ्यांदा स्वतःच्या खर्चानं गेलात की खरेदीदार तुमच्याशी पुरवठादार म्हणून बोलतो.

वाणिज्य अधिकाऱ्यालाही कळवत राहा. उत्तर न देणाऱ्या खरेदीदाराला त्याचा एक फोन बोलता करतो. पण कोण गप्प बसलंय हे त्याला कळलं तरच.

पहिली ऑर्डर किती दिवसांत येते?

साधा ग्राहकोपयोगी माल असेल तर सहा महिने, यंत्रसामग्री किंवा परवाना लागणारा माल असेल तर दीड वर्षही. परतल्याबरोबर सरकारी फॉर्म येतो आणि त्यात ‘अपेक्षित विक्री’ विचारलेली असते. तिथे खरा आकडा लिहा, शून्य असेल तर शून्य. फुगवलेल्या आकड्यांवरून पुढचं शिष्टमंडळ चुकीच्या देशात जातं.

ऑनलाइन शिष्टमंडळ चालतं का?

चाळणी म्हणून चांगलं चालतं. आठ जणांशी पडद्यावर बोलून तिघांना भेटायला जाणं स्वस्त पडतं. ज्या मालाला हात लावून बघावं लागतं, त्याची ऑर्डर मात्र अशी क्वचितच येते.

आम्ही न जाता खरेदीदारांनाच बोलावता येईल का?

येईल. खरेदीदारांचं शिष्टमंडळ आपल्याकडे आणणाऱ्या योजना बहुतेक संस्थांकडे असतात. ज्यांचा कारखाना हीच जमेची बाजू आहे त्यांनी हा मार्ग आधी पाहावा. पाहुणे येतात तेव्हा यंत्रं चालू असू द्या, आणि दर्जा तपासणीचं टेबल कुठे आहे ते सगळ्यात आधी दाखवा.

खरेदीदारानं पैसे दिले नाहीत तर दूतावास वसूल करून देतो का?

वसुली तो करू शकत नाही. पत्र लिहू शकतो, दोघांना बोलावू शकतो, तिथल्या वकिलांची यादी देऊ शकतो. म्हणून करारातच लवादाचं (न्यायालयाबाहेर तटस्थ पंचाकडून वाद सोडवण्याचं) कलम घाला: कोणत्या संस्थेचे नियम, कोणतं शहर, कोणती भाषा, किती लवाद. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली एका देशात मिळालेला लवादाचा निवाडा करारात सामील असलेल्या दुसऱ्या देशात अंमलात आणता येतो. न्यायालयाच्या निकालाला अशी वाट सहसा नसते. रक्कम लहान असेल तर एकच लवाद लिहा. तिघांचं शुल्क कधीकधी थकलेल्या रकमेपेक्षा जास्त होतं.